स्वर्गाविषयीच्या अवघड प्रश्नांसाठी युव्हर्जनचं बायबल ॲप: कुठे कामाला येतं, कुठे फसवतं

युव्हर्जनचं बायबल ॲप २००८ पासून आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च या मंडळीनं ते काढलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, मराठीत एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. रोजच्या वाचनासाठी ते कसं आहे यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे कसोटी वेगळी लावली आहे. ख्रिस्ती स्वर्गाबद्दल ज्याच्या मनात खरोखरच्या शंका आहेत त्याला हे ॲप किती उपयोगी पडतं? अनंतकाळ तिथे करायचं काय, शरीर कुठलं असेल, नवरा-बायको एकमेकांची राहतील का, मुलगा नरकात असेल तर आई सुखी कशी, असे हे प्रश्न. श्रद्धावान माणसालाही ते पडतात आणि न मानणाऱ्यालाही. दोघांनाही सरळ उत्तर मिळायला हवं.

माझं मत आधीच सांगतो. मूळ मजकूर हातात यायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण ॲपची सगळी रचना एकेका वचनाभोवती आहे, आणि स्वर्गाविषयीचे बहुतेक गैरसमज वचनं सुटी करून वाचल्यानंच झालेले आहेत. वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांना क्रमांक दिले ते रोबेर एत्येन या फ्रेंच मुद्रकानं, १५५१ मध्ये. संदर्भ चटकन सापडावा म्हणून केलेली ती सोय होती. ॲपनं तिचंच वाचनाचं एकक करून टाकलं आहे.

आधी मांडणी नीट करून घ्या. ॲप उतरवल्यावर खातं न उघडताही वाचता येतं. टिपा आणि रंगवलेली वचनं जपून ठेवायची असतील तरच खातं लागतं. आवृत्त्यांच्या यादीत मराठी निवडलंत की बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पवित्र शास्त्र दिसेल. चर्चमध्ये वर्षानुवर्षं कानावर पडलेली भाषा ती हीच. शिवाय इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन आणि समकालीन आवृत्ती आहे. अभ्यासासाठी पवित्र शास्त्र मुख्य ठेवा आणि समकालीन आवृत्ती शेजारी. वचनावर बोट ठेवलं की तुलना करण्याचा पर्याय येतो, तो इथे फार उपयोगी पडतो: दोन आवृत्त्यांत अर्थ वेगळा वाटला की समजावं, मूळ वाक्यच अवघड आहे. त्या जागी घाईनं निष्कर्ष काढू नये.

पहिला घोटाळा शोधखिडकीत होतो. 'स्वर्ग' असा शब्द टाकला की मत्तयाच्या शुभवर्तमानातले 'स्वर्गाचे राज्य'वाले उतारे समोर येऊन उभे राहतात. बी पेरणारा, मोहरीचा दाणा, जाळं, दहा कुमारी. यातला जवळजवळ कुठलाच मेल्यानंतरच्या मुक्कामाचं वर्णन करत नाही. मत्तय देवाच्या राज्याला स्वर्गाचं राज्य म्हणतो, एवढंच. ज्याला परलोकाची माहिती हवी आहे तो या उताऱ्यांत हरवतो आणि दहा मिनिटांनी ॲप बंद करतो. त्यापेक्षा 'पुनरुत्थान', 'सुखलोक', 'नवी पृथ्वी', 'जीवनाचे झाड' हे शब्द शोधा. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात, तेव्हा एकाच रूपावर थांबू नका. 'पुनरुत्थान', 'पुनरुत्थानाच्या', 'पुनरुत्थानी' असं सगळं टाकून बघा. आणि सापडलेल्या वचनावरून थेट अख्खा अध्याय उघडा. ही एकच सवय लावली तर ॲपचा निम्मा दोष जातो.

आता प्रश्नांकडे. सगळ्यात आधी एक गाठ सोडवावी लागते, नाहीतर पुढचं काहीच जुळत नाही. मेल्यावर माणूस लगेच स्वर्गात जातो की शेवटच्या दिवशी उठतो? लूक २३:४३ मध्ये येशू शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला त्याच दिवसाचं वचन देतो. फिलिप्पैकरांस १:२३ मध्ये पौलाला (सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक, ही पत्रं त्याची) इथून निघून ख्रिस्ताजवळ असावंसं वाटतं. पण थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१३ ते १७ उघडा: तिथे मेलेले झोपी गेले आहेत आणि प्रभू येईल तेव्हा उठणार आहेत. ॲपमध्ये हे तीन उतारे तीन वेगळ्या रंगांत रंगवून ठेवले तरी ते एकमेकांना उत्तर देत नाहीत. मुख्य परंपरेनं यातून दोन टप्पे मानले. आधी आत्मा देवाजवळ, नंतर शेवटी शरीरासह पुनरुत्थान, आणि नवं आकाश, नवी पृथ्वी. हे एकमतानं झालं असंही नाही. पोप २२वे जॉन यांनी १३३१ पासून फ्रान्समधल्या आविन्यों इथे प्रवचनांत असं मांडलं की पुण्यात्म्यांना न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन घडत नाही. मोठा वाद झाला, १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं, आणि त्यांच्या मागून आलेल्या १२व्या बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये उलट बाजूनं निर्णय देऊन टाकला. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक आजही मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतो असंच मानतात. ज्या प्रश्नावर पोपचं मत बदललं तो विचारणाऱ्याला 'तुझा विश्वास कमी आहे' म्हणून गप्प करणं अन्याय आहे.

दोन टप्प्यांचा हा नकाशा डोक्यात असला की ढगावर बसून वीणा वाजवणाऱ्या माणसांचं चित्र आपोआप गळून पडतं. ढग थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१७ मधले, वीणा बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरण ५:८, १४:२ आणि १५:२ मधल्या. दोन पुस्तकांतले तुकडे जोडून ते चित्र झालं आहे. बायबलमध्ये कुणीही ढगावर बसून वीणा वाजवत नाही. ॲपमध्ये वचनाचं चित्र करून पाठवायची सोय आहे, आणि ती असल्या जोडणीला चांगलाच हातभार लावते. पार्श्वभूमीला सूर्यकिरण आणि ढग, वर एक ओळ.

प्रकटीकरण २१ आणि २२ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा, वचनांचे आकडे सेटिंगमधून लपवता आले तर लपवून. इथे माणसं वर जात नाहीत, नगरच खाली येतं. त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. शंकेखोर वाचक इथे लगेच हिशोब मांडतो आणि त्याचं काही चुकत नाही: पायाचं क्षेत्रफळ सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ दीडपट, आणि उंची आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पाचपटीहून जास्त. अक्षरशः घ्यायचं तर हे बसत नाही. पण याच मजकुरात भिंत १४४ हात आहे, वेशी १२, पाये १२, झाडाला फळं १२ प्रकारची. सगळे आकडे बाराच्या पाढ्यातले, म्हणजे इस्राएलचे १२ वंश आणि येशूचे १२ प्रेषित. आणि सगळ्या बाजू सारख्या असलेली खोली जुन्या करारात कुठे आहे? पहिले राजे ६:२० मध्ये, यरुशलेमच्या मंदिराचं परमपवित्रस्थान, २० हात लांब, २० रुंद, २० उंच. तिथे वर्षातून एकदा फक्त प्रमुख याजक जात असे. प्रकटीकरण लिहिणारा योहान सांगतो आहे की अख्खं नगरच तसं झालं, म्हणून २१:२२ मध्ये तो म्हणतो की तिथे मंदिर नाही. हा दुवा ॲप दाखवत नाही. मराठी आवृत्तीत याबद्दल टीप सापडेल अशी आशा ठेवू नका. स्टेडियाचे कोस किंवा किलोमीटर करून टाकणारी भाषांतरं तर बाराचा आकडाच पुसून टाकतात. हिंदीच्या जुन्या भाषांतरात साडेसातशे कोस आहेत, त्यावरून कुणाला काय कळणार?

त्याच अध्यायाच्या पहिल्याच ओळीत समुद्र उरला नाही असं आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकायलाच हवं. प्रकटीकरणात समुद्रातून श्वापद वर येतं (१३:१), म्हणजे समुद्र तिथे भय आणि गोंधळ यांचं नाव आहे. ही माहिती नसेल तर ती एक ओळ निव्वळ क्रूर वाटते.

शरीराच्या प्रश्नावर मजकूर अपेक्षेपेक्षा बराच तयारीचा आहे. करिंथकरांस पहिलं पत्र १५:३५ मध्ये पौल शंकेखोराचा प्रश्न स्वतःच मांडतो: मेलेले कसे उठतात, कुठल्या शरीरानं येतात? उत्तरात तो बी आणि रोप यांचा दाखला देतो. सातत्य आहे, पण सारखेपणा नाही. सोबत लूक २४:३९ ते ४३ (उठलेला येशू मासा खातो) आणि योहान २०:२७ (जखमा तशाच आहेत) वाचा. पुढच्या शंका ऑगस्टीन या ख्रिस्ती ईश्वरशास्त्रज्ञानं ५व्या शतकातच घेतल्या, 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या, २२व्या भागात. म्हातारं माणूस म्हातारंच उठेल का? त्याचं उत्तर, साधारण तिशीचं, ख्रिस्ताच्या वयाचं. एकाचं मांस दुसऱ्यानं खाल्लं असेल तर ते शरीर कुणाचं? आधी ज्याचं होतं त्याचं. उत्तरं पटोत न पटोत, प्रश्न टाळलेला नाही. दहनाबद्दल विचारणाऱ्यांसाठी एवढंच: कॅथॉलिक चर्चनं १९६३ पासून दहनाला मोकळीक दिली आहे, राख झाल्यानं पुनरुत्थान अडत नाही असंच ते मानतं.

लग्नाच्या प्रश्नावर ॲप कमी पडतं, आणि ते सुधारणं तसं सोपं होतं. सदूकी हा येशूच्या काळातला यहुदी पंथ पुनरुत्थान मानत नसे. त्या लोकांनी येशूला कोड्यात पकडायचं ठरवलं: सात भावांनी नियमाप्रमाणे एकापाठोपाठ एकाच बाईशी लग्न केलं, सगळे मेले, आता ती कुणाची? हा प्रसंग मत्तय २२, मार्क १२ आणि लूक २० अशा तीन ठिकाणी आहे. ॲपची तुलना आवृत्त्यांची तुलना करते, शुभवर्तमानांची नाही. तीन अध्याय स्वतःच उघडावे लागतात. हे कष्ट घ्यावेत: येशूचं उत्तर तिन्हींत एकच आहे, पुनरुत्थानात लोक लग्न करत नाहीत, पण असं का ते फक्त लूकमध्ये सापडतं (२०:३६): ते पुन्हा मरू शकत नाहीत. त्या नियमाचं प्रयोजनच मेलेल्या भावाचा वंश पुढे चालवणं हे होतं. मरणच नसेल तर ते प्रयोजन संपतं. आता मजकुरात काय नाही तेही नीट बघा. नवरा-बायको एकमेकांना ओळखणार नाहीत, प्रेम उरणार नाही, असं तिन्ही ठिकाणी कुठेही लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या विधवेला मत्तय २२:३० एवढीच ओळ वाचून दाखवणं हे चुकीचं वाचन आहे आणि निष्ठुरही.

मग तिथे करायचं काय? सतत गायन, असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रकटीकरण ४ आणि ५ एवढंच वाचलेलं असतं. २२:३ ते ५ मध्ये सेवा आणि राज्य करणं आहे, लूक १९:१७ च्या दाखल्यात दहा नगरांची जबाबदारी, यशया ६५:२१ मध्ये घरं बांधणं आणि द्राक्षमळे लावणं. म्हणजे काम आहे. झाड महिन्या-महिन्याला फळ देतं, म्हणजे काळही सरतो. कंटाळ्याची शंका मात्र यानं मिटत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ च्या निबंधात ती सगळ्यात धारदार मांडली आहे: माणसाचा स्वभाव तोच राहिला तर कधी ना कधी त्याच्या सगळ्या इच्छा संपतील; आणि स्वभाव बदलत गेला तर जगतो आहे तो तूच, असं कशावरून म्हणायचं? याला ख्रिस्ती बाजूचं मला सगळ्यात वजनदार वाटणारं उत्तर ४थ्या शतकातल्या ग्रेगरी ऑफ निस्सा यांचं आहे. देव अनंत असल्यानं त्याला जाणणं कधी पुरं होत नाही. तृप्तीच नवी भूक जागी करते आणि ही वाटचाल संपत नाही. उत्तर सुंदर आहे, पण ते मानायला देव तसा आहे हे आधी मानावं लागतं. ॲपमध्ये यातलं काहीच नाही, असण्याची अपेक्षाही नाही. फक्त स्वर्गावरची वाचन-योजना संपवली म्हणजे कंटाळ्याची शंका फिटली असं कुणी समजू नये.

यशया ६५ पूर्ण वाचताना २०व्या वचनाशी थांबा. नव्या आकाशाच्या आणि पृथ्वीच्या त्या वर्णनात शंभर वर्षांचा माणूस तरुण मेला असं म्हटलं जाईल, असं आहे. म्हणजे मरण आहेच. प्रकटीकरण २१:४ मध्ये मरण नाही. हा फरक दडवू नये. काही जण तो हजार वर्षांच्या राज्याचा काळ मानतात (प्रकटीकरण २०), काही जण काव्यातली अतिशयोक्ती. लांडगा आणि कोकरू एकत्र चरतात ते यशयाच्या याच अध्यायात. पाळलेल्या कुत्र्याचं काय होणार याचं थेट उत्तर कुठेच नाही, रोमकरांस ८:१९ ते २२ मध्ये सगळ्या सृष्टीच्या सुटकेची आशा आहे तेवढीच.

सगळ्यात अवघड प्रश्न नरकात पडलेल्या आपल्या माणसांचा. प्रकटीकरण २१:४ मध्ये देव डोळ्यांतलं पाणी पुसतो. हे वचन मरणाच्या पत्रिकांवर असतं, ॲपमधून रोज पाठवलं जातं. चार वचनं पुढे, २१:८ मध्ये, अग्नीचं सरोवर आहे. दोन्ही एका दमात वाचले की प्रश्न उभा राहतो: कुणाचे अश्रू, आणि कशानं पुसले? मध्ययुगीन ईश्वरशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर संकलित करून जोडलेल्या पुरवणीत असं आहे की पुण्यात्मे नरकातल्यांच्या यातना पाहतात, त्या यातनांनी नव्हे पण देवाच्या न्यायानं आनंदतात. हे वाचून आजचा ख्रिस्ती माणूसही अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता खरी आहे. दुसऱ्या बाजूला २१:२५ मध्ये नगराच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. सगळे शेवटी वाचतील अशी आशा धरणारे तिथे बोट ठेवतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. त्यांचे आईवडील त्याआधीच दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर गेले होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. अशा प्रत्येक घराण्याच्या मागे ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्या किंवा न स्वीकारलेल्या पिढ्या उभ्या आहेत. कॅथॉलिक चर्चनं १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही आणि जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी पूर्वी लिंबोची, म्हणजे ना स्वर्ग ना नरकयातना अशा वेगळ्या जागेची, कल्पना होती. व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्र आयोगानं २००७ मध्ये खात्री नव्हे पण आशेला सबळ आधार आहे असा निष्कर्ष काढला. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या यापेक्षा कडक मत धरतात. ज्या घरात हा प्रश्न जिवंत आहे तिथे कुठल्या मंडळीचं मत सांगतो आहोत हे आधी सांगूनच बोलावं.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथॉलिक वाचकासाठी एक ठोस अडचण. ६६ पुस्तकांच्या (प्रोटेस्टंट) आवृत्तीत मक्काबी ही पुस्तकं नाहीत, त्यामुळे मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा आधार म्हणून दिला जाणारा दुसरे मक्काबी १२वा अध्याय सापडत नाही. इंग्रजीतली कॅथॉलिक आवृत्ती निवडून ते वाचावं लागतं. शिवाय व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर कॅटेकिझम, म्हणजे कॅथॉलिक शिकवणीचा अधिकृत सारग्रंथ, इंग्रजीत फुकट आहे: स्वर्गासाठी परिच्छेद १०२३ ते १०२९, मरणानंतरच्या शुद्धीकरणासाठी १०३० ते १०३२, नवं आकाश आणि नवी पृथ्वी यांसाठी १०४२ ते १०५०. एकूण काही पानांचंच वाचन आहे, आणि ॲपमध्ये नसलेला सांगाडा त्यातून मिळतो. मराठी ईझी-टू-रीड आवृत्ती हवी असेल तर ती बायबल गेटवेवर आहे.

रोजच्या वचनाच्या सूचना या कामासाठी बंद करा. सलग दिवसांची मोजणीही मनावर घेऊ नका. घाईनं वाचायचा हा विषयच नाही.

एका प्रश्नाला यातली कुठलीच सोय पुरत नाही. स्वर्गात पाप करता येईल का? ऑगस्टीन म्हणतो, नाही, आणि पाप करू न शकणं हेच मोठं स्वातंत्र्य. मग शंकेखोर विचारतो: असं स्वातंत्र्य शक्य होतं तर देवानं ते पहिल्या दिवशीच का दिलं नाही, मधलं एवढं दुःख कशाला? ते स्वातंत्र्य माणसानं निवडून, प्रेमातून वाढत मिळवायचं असतं, असं उत्तर दिलं जातं. पण पाळण्यातच गेलेल्या बाळानं काहीच निवडलेलं नसतं, तरी त्याला स्वर्ग मिळेल अशी आशा हीच परंपरा धरते. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, याचं मला पटणारं उत्तर अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. ॲपमध्ये प्रकटीकरण २२:३ पाशी टीप लिहायची सोय आहे, तिथे हा प्रश्न नोंदवा आणि पुढच्या वेळी चर्चमध्ये या विषयावर प्रवचन झालं की फादरना किंवा पाळकांना तोच विचारा.